ताडपत्रीच्या घडीतली पिल्लं

सुगी आली की आमच्याकडे सगळ्यात आधी आवाज बदलतो. पावसाळाभर कौलांवरून, पन्हळीतून, केळीच्या पानांवरून पाणीच बोलत असतं. ते इतकं बोलतं की घरातल्या माणसांना फारसं बोलावं लागत नाही, आणि माझ्यासारखीला ते बरंच असतं. मग एका सकाळी पाणी गप्प झालेलं असतं आणि खालच्या मळीतून, भाताच्या खाचरांतून, विळ्यांची खसखस ऐकू येते. कापलेल्या भाताचा गोडसर, किंचित आंबूस वास अंगणापर्यंत चढतो. गुंद गावाच्या अलीकडे, चारी बाजूंनी जंगल आणि मधे बशीएवढी आमची भातजमीन. वर्षातून एकदाच ती पिवळी होते, ती या दिवसांत.

यंदाही झाली. परवा आईनं माळ्यावरची ताडपत्री खाली ढकलली. धुळीचा लोट उठला, उंदराच्या लेंड्या चहूकडे उडाल्या.

"उघड, पण बघून उघड," आई वरूनच म्हणाली. "कोण ऱ्हायलंय काय आत, आधी विचार."

अंगणात विळ्याला धार लावत बसलेले आप्पा मान खाली घालून हसले. मी हसले नाही. खोलीत पाहुणा झोपलेला असताना दार लोटावं तशी मी एकेक घडी उलगडत गेले. शेवटच्या घडीत एक वाळकं झुरळ निघालं, बाकी कुणी नव्हतं. मला जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

काही वर्षांपूर्वीच्या त्या सुगीत मात्र आत कुणीतरी राहत होतं.

माझी डिग्री तेव्हा नुकतीच संपली होती. बेळगावचं हॉस्टेल सोडून मी घरी आले होते, थोड्या दिवसांसाठी, असं सगळ्यांना सांगत होते. खरं तर पुढे काय ते माझं मलाच माहीत नव्हतं. भात कापून मळीत आडवं पडलं होतं. कापलेल्या भाताला थोडं ऊन खाऊ द्यायचं, मग भारे बांधून खळ्यावर आणायचे, अशी आमची पद्धत. नेमकं तेव्हाच एका दुपारी डोंगरामागून काळं आभाळ वर आलं. आडव्या पडलेल्या भातावर पाऊस पडला तर दाण्याला जागच्या जागी मोड येतात. आप्पा मळीतून ओरडले, "ताडपत्री! ताडपत्री आणा!" आईनं एक टोक धरलं, मी दुसरं, आणि चादर झटकतात तशी ती आम्ही एका हिसक्यात उघडली.

माझ्या बाजूच्या घडीत काहीतरी फाटलं. आवाज झाला नाही, बोटांना कळलं. बघितलं तर बोटाच्या पेराएवढी एक पांढरी रेशमी पिशवी, मधोमध उसवलेली. तिच्यातून एक तपकिरी कोळीण बाहेर आली. जाळी विणून त्यात बसणाऱ्यांपैकी नव्हे, भिंतीवर उड्या मारत शिकार करतात त्यांतली: बुटकी, केसाळ, कपाळावर पांढरी पट्टी, आणि पुढे दोन मोठे डोळे. तिनं आईच्या मनगटावर उडी मारली, तिथून कुंपणावर, आणि गेली. पिशवीत तांदळाच्या कणीहून बारीक दुधाळ ठिपके होते. काही नुसती अंडीच. काहींना पाय फुटलेले, पण ते पोटाशी मुडपून घेतलेले. त्यांचं बाहेर यायचं अजून ठरलं नव्हतं आणि आम्ही छप्परच काढून घेतलं होतं.

"दोन्ही हात लाव की गं!" आप्पा ओरडले.

एका हातात ताडपत्री, दुसऱ्यात ती पिशवी. आभाळ डोक्यावर. माझ्या कुर्त्याच्या खिशात इयरफोनची डबी होती. इयरफोन काढून खिशात मोकळे टाकले, पिशवी अलगद डबीत ठेवली, झाकण लावलं आणि दोन्ही हातांनी धावले. भात झाकून झालं. पाऊस आला तो तोंडावर चार थेंब मारून पलीकडे दिग्गी गावाच्या बाजूला निघून गेला. आप्पा कमरेवर हात ठेवून त्याच्याकडे बघत राहिले. "एवढ्यासाठी पळवलंस व्हय रे," ते पावसालाच म्हणाले.

संध्याकाळी मी पडवीत डबी किंचित उघडून आत बघत होते, तर आई म्हणाली, "गाणी ऐकायची सोडून डबीत काय बघाय लागलीस?"

मी तिला दाखवलं. तिनं चष्मा शोधला, लावला, वाकून बघितलं. "हे काय, कोळ्याची व्हय?" आणि चष्मा वर सरकवत, "आईबिगर जगतील काय ही?"

मला माहीत नव्हतं. तरी त्या क्षणापासून मला एवढंच हवं होतं की आपल्या हातून मोडलेल्या घरातून निदान काही जणांनी स्वतःच्या पायांनी चालत बाहेर पडावं.

शाळेत मी कोळ्याचं चित्र काढून त्याच्या अवयवांना बाण दाखवले होते आणि प्रत्येकाचं इंग्रजी नाव स्पेलिंगसकट लिहिलं होतं. बाईंनी शेजारी तारा काढून दिला होता. पण त्या शाळेत आमच्यापैकी कुणी खरा कोळी जवळून बघितला नव्हता. दिसला की आम्ही बाकावर चढायचो. घरी मराठी, शेजारी कोकणी, बसमध्ये कन्नड, वहीत इंग्रजी, असं माझं शिक्षण झालं. लोकांना वाटतं अशा मुलीला चार भाषा बोलता येत असतील. मला चारही भाषांत गप्प राहता येतं. त्या वर्षी तर ते फार उपयोगी पडत होतं, कारण जो भेटेल तो "आता पुढं काय?" असं विचारत होता. विचारणारे सगळे प्रेमाचेच होते. पण ताडपत्री उघडावी तसे विचारायचे, एका हिसक्यात.

आमच्या घरात नेटवर्क येत नाही. बस थांबते त्याच्या वरच्या वळणावर एक मोठा दगड आहे, त्याच्यावर बसलं की येतं. तिथं बसून मी वाचलं. पिल्लं सुरुवातीला काही खात नाहीत. अंड्यातून निघताना आणलेली शिदोरी त्यांच्या पोटातच असते. एकदोनदा कात टाकली की मग चालायला लागतात. तोवर आई दारात बसून राखण करते, पिशवी फाटली तर शिवते. ओल जास्त झाली की बुरशी धरते. ओल कमी पडली की कात अंगावरच अडकते आणि पिल्लू तिच्यात मरतं. म्हणजे कोळिणीनं आई म्हणून काय केलं असतं, तर थोडक्यात, ना फार ओलं ना फार कोरडं, असं मधे राहणं. मला वाटलं, हे जमेल. मी जन्मभर मधेच राहत आले आहे.

कॉफीची एक काचेची बरणी घासून उन्हात वाळवली. आत आंब्याचं एक दुमडलेलं पान उभं केलं आणि त्याच्या घडीत ती फाटकी पिशवी ठेवली, म्हणजे त्यांना अजून आतच असल्यासारखं वाटावं. तळाशी ओला कापूस. तोंडाला आईच्या जुन्या वॉयल साडीचा तुकडा, रबर लावून. बरणी माझ्या खोलीच्या खिडकीत, उन्हाच्या बाजूला ठेवायची, थेट उन्हात नाही.

आप्पांनी येता-जाता खिडकीत डोकावायला सुरुवात केली. पहिल्यांदा नुसती मान वाकडी करून बघून गेले. दुसऱ्यांदा म्हणाले, "मोठी झाल्यावर दूध देणार काय?" तिसऱ्यांदा, "ह्यास्नी पण इंग्लिश मिडियमलाच घालणार काय? फी कोण भरणार, सांग आधीच." आणि स्वतःच्याच विनोदावर हसत खळ्याकडे गेले. पण त्यांनी जाता जाता बरणी काठापासून बोटभर आत सरकवली, हे मी बघितलं.

त्या सुगीच्या बाकीच्या आठवणीही मला बरणीच्या काचेतूनच दिसतात. भारे झोडपल्याचा थपथप आवाज, आणि त्या आवाजानं बरणीतल्या पानाचं हलकं थरथरणं. वाऱ्यावर उडालेला भुसा खिडकीतून येऊन वॉयलवर बसायचा, तो मी फुंकरीनं उडवायची. दुपारी खळ्यावर चहा घेऊन जाताना मनात विचार, कापूस सुकला असेल का. अंगाला भाताचं कुसळ लागून खाज सुटलेली, केसांत पेंढा, आणि मी पाय धुवायच्या आधी खिडकीपाशी. दुधाळ ठिपके हळूहळू बदलत होते. प्रथम डोळे आले. एका सकाळी प्रत्येक ठिपक्याच्या पुढच्या टोकाला काळ्या सुईनं टोचल्यासारखं दिसलं. मग पाय थोडे सुटले. एकानं एक पाय लांब केला, परत ओढून घेतला, आणि दिवसभर पुन्हा काही केलं नाही. एवढ्या कामाला दिवस पुरतो, हे बघून मला फार बरं वाटलं.

मग मी एकदा कामासाठी रामनगरला गेले. परत आले तेव्हा खिडकी रिकामी होती.

आमच्या चुलीवर बांबूच्या कामट्यांची एक टांगती फळी आहे. या भागात जे जपायचं ते सगळं तिथं जातं. पुढच्या वर्षीच्या दोडक्या-काकडीच्या बिया, आमसुलं, मीठ, काडेपेट्या. पावसाळ्यात माझे शाळेचे मोजे. खाली जाळ, वर धूर, त्यामुळे तिथं ओल पोचत नाही, कीड पोचत नाही, काही नासत नाही. बियांच्या मडक्याशेजारी माझी बरणी होती.

"थंडी पडली गं सकाळी," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "लहान जीव. म्हटलं उबंत असू देत."

मी बरणी उतरवली. काच कोमट लागली. कापूस पापडासारखा कडक झाला होता. वॉयलला धुराचा वास. पानाच्या घडीत कुणी हलत नव्हतं.

मला खूप राग आला. पण माझा राग बाहेर येत नाही, तो तोंडापर्यंत येतो आणि तिथं बसतो. मी नुसती बरणी हातात घेऊन उभी राहिले. आईनं माझ्याकडे बघितलं, मग कापसाकडे, आणि तिला कळलं. तिनं तवा उतरवला, पिठाचे हात पुसले, मोरीतून पाण्याचा तांब्या आणला. बोटांच्या टोकांनी ती कापसावर थेंब सोडत गेली. देवाला पाणी घालतानासुद्धा ती एवढी सावकाश नसते. मग आम्ही दोघी खिडकीशी जमिनीवर बसून राहिलो.

"तू झालीस तवा अशीच हुतीस," ती कापसाकडे बघत म्हणाली. "मूठभर. बाहेर नुसता पाऊस. सगळी म्हणाली, ही काय टिकत न्हाई. म्या तुझं हातरुण चुलीशेजारीच घातलं हुतं, पावसाळा सरंपर्यंत. चुलीजवळ ठिवलेलं जातंय कुठं?"

मला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे तिनं त्यांना तिथं ठेवलं ते चुकून नव्हतं. तिच्या घरात जगवायची जी सगळ्यात भरवशाची जागा होती, जिथं तिनं मला जगवलं होतं, तिथंच तिनं त्यांना नेलं होतं. राग तोंडातून कुठं गेला ते कळलं नाही. जाळाशी शेकायला लावलेल्या भाकरीचा करपल्याचा वास आला, तरी आम्ही उठलो नाही. दिवेलागणीला पानाच्या घडीत एक पाय हलला. मग दुसऱ्या कुणाचा. आईनं माझ्या मांडीवर चापट मारली, इतकी जोरात की ओरडावं. "हाय! हाय की!"

सगळे नव्हते हलले. जे हललेच नाहीत त्यांना मी दोन दिवस बघत राहिले, मग चिमट्यानं काढून जास्वंदीच्या मुळाशी ठेवलं. उरलेल्यांनी मात्र जणू काही झालंच नाही अशा थाटात कात टाकली. पानाच्या घडीत पांढऱ्या, पोकळ, पायमोज्यांसारख्या काती पडल्या आणि त्यांच्यातून काळसर, पायांवर पट्टे असलेली, तुरुतुरु चालणारी पिल्लं निघाली. मोहरीएवढी असतील-नसतील. आता ती काचेवर चढायची. मी बोट इकडून तिकडे नेलं की सगळी माझ्या बोटाकडे वळून बघायची. कुणी माझ्याकडे बघत राहिलं की मला नजर कुठं ठेवावी ते कळत नाही. इथे एवढे डोळे माझ्यावर रोखलेले आणि मी आरामात बसून होते.

आता शिदोरी संपली होती. त्यांना खायला हवं होतं. मी केळ्याच्या साली वाटीत ठेवल्या, त्यांच्यावर चिलटं जमली, ती पकडून बरणीत सोडली. चिलट दिसताच पिल्लं पानाच्या घडीत पळाली. पुन्हा सोडलं, पुन्हा पळाली. त्यांच्या दृष्टीनं ते चिलट म्हणजे म्हैस होती. दिवस गेले तशी त्यांची पोटं आत जायला लागली. भरलेल्या मण्यासारखी होती ती सुरकुतली. चुलीवरून परत आलेली पिल्लं आता ताटासमोर बसून मरणार, असं वाटून मला जेवण जाईना.

मग मावा आठवला. वालाच्या कोवळ्या शेंड्यांवर या दिवसांत तो चिकटलेला असतो: बारीक, मऊ, जागची न हलणारी कीड. मी परसात धावले. आमचा वाल स्वच्छ होता. आई रोज सकाळी चुलीतली राख सुपलीत घेऊन वेलावर उधळते, मावा टिकतो कुठला. आयुष्यात पहिल्यांदाच आमच्या वालाला कीड नाही म्हणून मी डोक्याला हात लावला.

"गंगाक्काकडं जा," आई म्हणाली. "तिचा वेल माव्यानं काळा झालाय म्हणून कालच रडत हुती."

गंगाक्काचं घर बांधापलीकडे. ती आईची मैत्रीण. तिचा आवाज एवढा की बसच्या हॉर्नआधी तिचाच ऐकू येतो. मी लहानपणापासून तिला टाळत आले होते, कारण ती सगळ्यांदेखत विचारते. बांधावरून जाताना मी वाक्य मनात तीनदा म्हणून बघितलं. पोचले तर ती राखेची सुपली घेऊन वेलाजवळ उभी, हात वर केलेला.

"थांबा!" मी ओरडले.

तिचा हात तसाच राहिला. "आगं बाई! आवाज हाय की गं वैजू तुला! मला वाटलं, बेळगावला ठिवून आलीस."

"गंगाक्का, राख टाकू नका. मला मावा हवाय."

"काय हवाय?"

"मावा."

"शेंगा माग, देतो. भाजी माग, देतो. मावा कोण मागतंय गो?"

"कोळ्याची पिल्लं आहेत. ती उपाशी आहेत."

गंगाक्कानं माझ्याकडे बघितलं, सुपली खाली ठेवली आणि घराकडे तोंड करून हाक मारली, "अवो, ऐकलासा काय? वैजूच्या घरात कोळ्यास्नी जेवण हाय!"

आतून तिच्या नवऱ्याचा आवाज आला, "पंगत किती पानांची?"

माझे कान तापले. पण मी हसत होते, आणि मला उत्तर सुचलं, आणि मुख्य म्हणजे ते मी बोलले. "पानं नकोत. शेंडे पुरतील."

गंगाक्का अशी हसली की कुंपणावरचा कावळा उडाला. तिनं माव्यानं लडबडलेले शेंडे खुडून केळीच्या पानात बांधून दिले, प्रसाद देतात तसे. "पण एक सांगतो," ती म्हणाली. "मोठी झाली की हितंच आणून सोड. माझा मावा खाऊन मोठी झालेली, ती माझी. काय?"

घरी येऊन एक शेंडा बरणीत उभा केला. आई पळी हातात घेऊनच आली. आप्पा खळ्यावरून आले, पायही न धुता. तिघं काचेला नाक लावून. बराच वेळ काही झालं नाही. मग एक पिल्लू, त्यातल्या त्यात रोड, देठावरून वर आलं. थांबलं. वळलं. माव्याकडे बघत राहिलं. पोट खाली टेकवलं, मागचा धागा देठाला चिकटवला, एक पाऊल पुढे, आणखी एक. आणि मग ते मधल्या हवेत होतं, आणि मग माव्यावर.

"धरलं!" आप्पा ओरडले. "धरलं की गं त्यानं!" आणि फीचा विनोद करणाऱ्या त्या माणसाचे डोळे पाणावले होते, ते त्यांनी भुसा गेला म्हणून पुसले.

संध्याकाळपर्यंत शेंड्यावर जणू पंगतच बसली. दुसऱ्या दिवशी पोटं पुन्हा मण्यांसारखी. मी रोज बांध ओलांडून शेंडे आणायची, आणि रोज गंगाक्का काहीतरी विचारायची, आणि रोज मी थोडं थोडं उत्तर द्यायची. पिल्लं एकमेकांकडे भुकेल्या नजरेनं बघायला लागली तेव्हा कळलं, आता या घरात सगळ्यांनी एकत्र राहण्यात अर्थ नाही. बोलल्याप्रमाणे बरणी गंगाक्काच्या वेलाखाली नेली आणि वॉयल काढलं. काही जण लगेच गेले. काही काठावर उभे राहून बराच वेळ बघत बसले. मी घाई केली नाही.

त्यानंतरची एक सकाळ. धुकं नुकतंच मळीवरून उठत होतं, मी अंगणात भात पसरत होते. बांधापलीकडून हाक आली.

"वैजू गो! वेल परत काळा पडायलाय. राख टाकू काय?"

राख माव्यासाठी असते, पण ती काय माणसं ओळखते? मी बांधापर्यंत न जाता जागेवरूनच, सगळ्या वाडीला ऐकू जाईल असं ओरडले, "आधी बघा! आहेत का कुणी?"

"न्हाई दिसत!"

"पानांच्या खाली बघा! उलटी करून!"

पलीकडे पानं सळसळली. मग, "हाय! एक हाय गो! केवढं झालंय! पोट बघ मेल्याचं!" पानांची आणखी सळसळ. "माझ्याकडंच बघाय लागलंय. हिकडं गेलं की हिकडं बघतंय, तिकडं गेलं की तिकडं. काय करू?"

मी काही सांगायच्या आत तिचा आवाज पुन्हा आला. मोठाच होता, तिला हळू बोलता येतच नाही, पण आता तो माझ्यासाठी नव्हता.

"खा बाबा, सावकाश खा. आज काय म्या राख टाकत न्हाई."